बुडालेल्या शेताची पाहणी



वैशाखाच्या उन्हात पुरावर बोलायला उभा राहिलो, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटेल. परंतु पुराचा विचार करायचा तर तो याच दिवसांत. पावसाळ्यात माणूस पाण्याशी झगडत असतो, दिवाळीनंतर पैशाची वाट पाहत असतो. शांतपणे बसून 'हे असे का होते' हे विचारण्याची सवड त्याला बांध घालायच्या या दिवसांतच मिळते.

माझे शिक्षण शाळेत फारसे झालेले नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवाबत्तीनंतर. माझा व्यवसाय काजूच्या कारखान्यांतील बायकांची संघटना बांधण्याचा. या बायकांची मजुरी सोललेल्या गराच्या वजनावर ठरते आणि वजन मालकाचा माणूस करतो. आमचा पहिला झगडा दर वाढवून घेण्याचा नव्हता. काट्यासमोर आपल्यातली एक बाई उभी राहिली पाहिजे, एवढीच मागणी होती. तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. कुठेही मोजमाप चालले असले की मी विचारतो : मोजतो कोण, केव्हा मोजतो, आणि मोजताना ज्याचे आहे तो हजर असतो का? आज हेच प्रश्न मी बुडालेल्या शेताला लावून पाहणार आहे.

प्रथम आपल्या किनाऱ्याचे पाणी ओळखून घेऊ. या जिल्ह्यात शेतावर पाणी तीन वाटांनी येते. एक नदीच्या पुराचे. बांद्याला तेरेखोल, खारेपाटणला शुक, मालवण-कणकवलीच्या बाजूला गड या नद्या घाटावरचे पाणी घेऊन उतरतात आणि काठच्या मळ्यांत शिरतात. दुसरे खाडीचे. भरतीचा जोर वाढला आणि खाजणाचा बांध फुटला की खारे पाणी भातात येते. तिसरे वरून पडणारे, पण अवेळी. भात पिकून पिवळे झाले असताना आश्विनात चार दिवस पाऊस लागला की उभे पीक आडवे होते आणि कणसातच दाण्याला कोंब फुटतात. पुराचे पाणी गाळ टाकून जाते, खाडीचे पाणी मीठ टाकून जाते, आणि अवेळी पाऊस फक्त ते पीक नेतो. तीन पाण्यांची नुकसानी तीन जातींची आहे, आणि म्हणून तिन्हींची पाहणीही एकसारखी असून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. पाणी ओसरते तेव्हा त्याच्याबरोबर पुरावाही ओसरतो. आठ दिवसांनी येणाऱ्याला चिखल दिसतो, पंधरा दिवसांनी येणाऱ्याला नुसती हिरवळ दिसते. शिवाय बुडालेले भात पाणी उतरल्यावर पुष्कळदा हिरवेच राहते. ते पसवले की नाही, दाणा भरला की पोचट राहिला, हे महिना-दीड महिन्यानंतरच कळते. म्हणजे पाहणारा फार उशिरा आला तरी चुकतो आणि फार लवकर आला तरी चुकतो. या अडचणीवर आपल्या पूर्वजांनी आणि राज्यकर्त्यांनी निरनिराळ्या काळी काय तोड काढली, तोच आजचा इतिहास.

आपल्या बाजूचा एक जुना दाखला फार महत्त्वाचा आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी दक्षिण कोकणातील प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पत्र लिहिले. अधिकाऱ्याने कचेरीत न बसता गावोगाव फिरावे, कुळे गोळा करावीत, प्रत्येकाची कुवत पाहावी. ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी व ज्याला दाणा नाही त्याला दाण्यासाठी मदत करावी आणि ती रक्कम वाढीदिढीशिवाय, त्याला झेपेल तशी हळूहळू वसूल करावी, असा त्याचा आशय आहे. हे पत्र पुराविषयी नाही. परंतु पाहणी म्हणजे काय, याची एक समज त्यात आहे. शेत पाहायचे ते शेतकरी पुन्हा उभा राहावा म्हणून, आणि पाहायचे ते त्याच्या गावी जाऊन, त्याला समोर बसवून.

पुढे रत्नागिरी जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत खोतीचा अंमल बसला. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वी आपण सारे रत्नागिरीतच होतो, आणि सावंतवाडी तर १९४८ पर्यंत संस्थान होते. खोतीत कुळाने खोताला पिकाचा हिस्सा द्यायचा; भाताच्या जमिनीत अर्धेल, वरकस जमिनीत तिर्धेल. तो हिस्सा ठरवण्यासाठी कापणीपूर्वी उभ्या पिकाचा अंदाज घेत. त्याला अभावणी म्हणत. खोत किंवा त्याचा कारभारी बांधावर उभा राहायचा आणि या कोपऱ्यात इतके मण भात होईल असे सांगायचा. तत्त्व म्हणून ही पद्धत वाईट नव्हती. पीक बुडाले तर हिस्साही बुडाला, आणि पाहणी दर वर्षी होत होती. वाईट होते ते एवढेच, की पाहणारा आणि घेणारा एकच होता. मालकाच्या काट्यावर गर तोलण्यासारखेच ते झाले. खोत बांधावरून म्हणेल ते पीक, आणि कुळाच्या कणग्यात पडेल ते उरलेले.

इंग्रजांनी याच्या उलट टोक गाठले. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची पद्धत पक्की केली. जमिनीची प्रत ठरवायची, तिच्यावर रोख आकार बसवायचा आणि तो ३० वर्षे बदलायचा नाही. चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी धरूनच आकार हलका ठेवला आहे, तेव्हा दर वर्षी शेत पाहण्याचे कारण नाही, असा हा विचार होता. अधिकाऱ्याच्या लहरीतून रयत सुटली हे खरे. पण सरासरीने पोट भरत नाही. ज्या वर्षी पाणी येते त्या वर्षी सावकाराचे दार ठोठवावे लागते, आणि पुढची चार चांगली वर्षे त्याचे व्याज फेडण्यात जातात. जमिनीची प्रत कागदावर राहिली आणि शेत पाहायला येणारा मात्र कोणी उरला नाही.

१८७६-७७ च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या आपत्तींनी सरकारला पुन्हा शेतात यावे लागले. दुष्काळाविषयीचे नियम झाले, साऱ्याची तहकुबी आणि सूट यांचे नियम झाले. हे नियम रयतेला ठाऊक नव्हते, म्हणून १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रेरणेने पुण्याच्या सार्वजनिक सभेने माणसे गावोगाव पाठवून ते समजावून सांगितले. त्यांत आपल्या उत्तर कोकणाचाही भाग होता. नियम सरकारचेच, ते वाचून दाखवले एवढाच गुन्हा. १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. मोजमापाचा नियम ज्याच्यासाठी केला त्याला तो कळणे, हेही पुष्कळांना त्या काळी धोक्याचे वाटत होते.

या नियमांच्या मुळाशी आणेवारी होती. सोळा आणे म्हणजे पुरते पीक. मुंबई इलाख्यातील नियमाप्रमाणे पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीचा सारा तहकूब, चार ते सहा आण्यांच्या दरम्यान आले तर अर्धा तहकूब. नियम साधा. पण चार आणे की पाच आणे, हे ठरवणार कोण? या एका आण्यावरून हिंदुस्थानातील एक मोठा लढा उभा राहिला.

तो गुजराथेतील खेडा जिल्ह्याचा. सत्याग्रहाचा इतिहास वाचताना आपण समजतो की तेथे पाऊस पडला नव्हता. वस्तुस्थिती उलट आहे. १९१७ साली तेथे पाऊस फार झाला. साधारण ३० इंच पडायचा तेथे ७० इंचांच्या आसपास पडला आणि खरिपाचे पीक सडून गेले. शेतकऱ्यांचे म्हणणे, पीक चार आण्यांच्या आत आहे. महसूल अधिकाऱ्यांचे म्हणणे, वर आहे. तेव्हा भारत सेवक समाजाचे देवधर, जोशी आणि ठक्कर हे तिघे तेथे चौकशीला गेले. यांतले जोशी म्हणजे नारायण मल्हार जोशी, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. दोनच वर्षांनी, १९२० साली, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी करण्यात ज्यांचा पुढाकार होता तेच हे. कामगारांच्या चळवळीचा हा आद्य पुरुष त्याआधी शेतातील पिकाचे आणे पाहत फिरला होता, हे मी वाचले तेव्हा मला फार समाधान वाटले.

गांधीजींनी खेड्यात मागणी काय केली, तीही नीट पाहिली पाहिजे. शेतकऱ्यांचा आकडा सरकारने मुकाट मान्य करावा, असे ते म्हणाले नाहीत. दोघांचे आकडे जुळत नाहीत, तर लोकांचे प्रतिनिधी घेऊन स्वतंत्र चौकशी करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते नाकारले. २२ मार्च १९१८ रोजी नडियादला सत्याग्रह पुकारला गेला आणि जूनमध्ये, ज्यांना देणे शक्य आहे त्यांच्याकडूनच सारा घ्यावा, अशा हुकुमावर तो संपला. सत्याग्रहाने त्या वर्षीची सवलत मिळाली, परंतु स्वतंत्र पाहणीचा हक्क काही मिळाला नाही. तो प्रश्न तसाच पुढे आला आणि आजही पुष्कळसा तसाच आहे.

आपल्याकडे त्याच प्रश्नाचे रूप खोतीविरुद्धच्या लढ्याचे होते. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. सहा वर्षे जमीन कसली नाही. कामगाराने हत्यार खाली ठेवावे तसा शेतकऱ्याने नांगर खाली ठेवला, आणि तोही खाऱ्या पट्ट्यात, जेथे बांध राखणे हेच अर्धे शेतकाम असते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत त्यासाठी गेला. कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली झाला. अभावणी करणारा कारभारी बांधावरून गेला. त्याच्या जागी आता एकटे सरकार उभे राहिले.

सरकारने आपल्याबरोबर आणेवारी आणली. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आण्यांची पैसेवारी झाली. पुरते पीक शंभर पैसे, पन्नासच्या आत आले तर टंचाईची परिस्थिती. सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित आणि डिसेंबरात अंतिम, अशी ती जाहीर होते. ही पद्धत अवर्षण पाहण्यासाठी घडलेली आहे. अवर्षण साऱ्या गावावर सारखे पडते, म्हणून गावाची सरासरी चालते. पुराचे तसे नसते. मालवण तालुक्यातील खाडीकाठच्या एखाद्या गावाचा विचार करा. खालची खाजणे पाण्याखाली जातात आणि त्याच वर्षी वरच्या भरडावर भात उत्तम येते. दोन्हींची बेरीज करून गावाला सत्तर पैसे दिले तर आकडा खोटा नसतो, पण ज्याचे खाजण बुडाले त्याच्या चुलीला त्याचा काही उपयोग नसतो.

म्हणून पुरासाठी शेतवार पंचनामा आला. शब्द किती चांगला आहे! पंचांनी पाहिले, पंचांनी लिहिले, तो पंचनामा. प्रत्यक्षात तलाठी (आता त्याचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण आपण तलाठीच म्हणतो), ग्रामपंचायतीचा माणूस आणि कृषी खात्याचा माणूस असे तिघे मिळून तो करतात आणि पंच खाली सही करतात. पूर्वी नुकसान ५० टक्क्यांच्या वर असेल तरच मदत मिळे. २०१५ पासून ही रेषा ३३ टक्क्यांवर आली, हे चांगले झाले. परंतु रेषा खाली आली तरी ती ओढणारा डोळा तोच आहे. ३० टक्के आणि ३५ टक्के यांतला फरक बांधावरून कोण सांगू शकेल? खेड्यातला तो एक आणा येथे पुन्हा येऊन उभा राहतो.

तिघांना मी दोष देत नाही. एका तलाठ्याच्या सजात अनेक गावे, रस्ते खचलेले, वरून पाच दिवसांत अहवाल पाहिजे असा निरोप. पण नियम कोठे बसून केले ते आकड्यांवरून कळते. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जुलैत ६५ म्हणजे नेहमीचा दिवस, त्या दिवशी आपल्या बायका लावणी करीत असतात. उलट कापणीच्या वेळी याहून पुष्कळ कमी पाऊस चार दिवस रेंगाळला तर वर्षाचे भात जाते. सततच्या पावसालाही आपत्ती मानण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ साली घेतला, तो याच कारणाने योग्य आहे.

२०१९ च्या ऑक्टोबराअखेर क्यार वादळ आपल्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात फिरले आणि त्याच्या पावसाने कापणीला आलेले भात भिजले. किनाऱ्यावर समुद्र चढला. त्या वर्षीच्या अवकाळी नुकसानीला नोव्हेंबरात खरीप पिकांसाठी हेक्टरी ८००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, अशी मदत जाहीर झाली. ऐकायला आकडा ठीक. आता गुंठ्यांत आणा. गुंठ्याला सुमारे ८१ रुपये. आपल्याकडे एकेका घराचे भात दहा-पंधरा गुंठ्यांचे, तेही चार कुणग्यांत विखुरलेले. दहा गुंठ्यांचे होतात सुमारे ८०० रुपये. अगदी लहान शेतकऱ्यासाठी किमान १००० रुपयांची तरतूद केंद्राच्या निकषांत होती. पण त्यासाठीही कागद, खाते आणि तालुक्याच्या खेपा चुकत नाहीत. पुष्कळजण अर्जच करीत नाहीत. मग दप्तरात नुकसान कमी दिसते, आणि पुढच्या वर्षी कोणी म्हणतो की सिंधुदुर्गात शेतीचे नुकसान होतच नाही.

जमीनच वाहून गेली तर? जमीन महसुलाच्या कायद्यात त्याची तरतूद जुनी आहे. नदीने जमीन नेली तर आकार कमी करून मिळतो, पण गेलेला तुकडा निदान अर्ध्या एकराचा पाहिजे. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. देशावरच्या माणसाला ती शेताची एक कड वाटेल. आपल्याकडे ते एका कुटुंबाचे सर्वस्व असते.

सर्वांत अवघड प्रकरण खाऱ्या पाण्याचे. खाजणात भरती शिरली तर त्या वर्षीचे भात जातेच, पण मीठ मातीत राहते. गोड पावसाने ते धुऊन निघेपर्यंत पुढचे एक-दोन हंगामही कमजोर जातात. ही गोष्ट शास्त्राला नवीन नाही. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या 'पनवेल' नावाच्या जाती याचसाठी तयार झाल्या. सरकारलाही नवीन नाही; १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींचा कायदा झाला आणि १९७९ साली महाराष्ट्राने नवा खारभूमी विकास कायदा केला. पण पंचनामा एका हंगामाच्या पिकाचा असतो. पुढच्या वर्षी त्याच कुणग्यात भात पिवळे पडले, तर तेव्हा ना पूर असतो, ना वादळ, ना पाहणी. फुटलेला बांध एका खात्याकडे, बुडालेले पीक दुसऱ्याकडे, आणि मातीतले मीठ कोणाकडेच नाही.

विम्याची कथाही हेच सांगते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेत जलमय होणे ही स्थानिक आपत्ती होती. शेतकऱ्याने ७२ तासांत कळवायचे आणि त्याचे शेत पाहायचे. २०१८ साली भातापुरती ही तरतूद काढून टाकली. पाण्यात उभ्या असलेल्या भाताची नुकसानी ठरवणे कठीण, हे त्याचे एक कारण होते. पाहणे कठीण, म्हणून नुकसानच यादीतून काढले! नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने ती खरीप २०२६ पासून पुन्हा घेण्याचे जाहीर केले. मध्ये सात वर्षे गेली. तेवढ्या वर्षांत आपल्या किनाऱ्यावर किती वेळा पाणी आले, ते आपण सारे जाणता.

शेवटचा प्रश्न नावाचा. पाहणी शेताची होते, पण मदत सातबाऱ्यावरील नावाला मिळते. आपल्या सातबाऱ्यावर आजोबांची सारी लेकरे-नातवंडे आहेत. निम्मी मुंबईला. कसते ती गावातली विधवा भावजय, किंवा तोंडी अर्धेलीने करणारा शेजारी. सामाईक खातेदारांची संमतीपत्रे गोळा करता करता दुसरा पावसाळा येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानेच मोबाईलवर आपल्या पिकाची नोंद करायची. यात एक चांगले बीज आहे. पाहणारा प्रथमच शेतकरी स्वतः झाला. पण त्याने पाहायचे ते पीक. नुकसान पाहणारा अजून दुसराच आहे.

तर मग करायचे काय? मी मोठी योजना घेऊन आलेलो नाही. काट्यासमोर बाई उभी करण्याएवढ्याच माझ्या गोष्टी आहेत. पंचनामा कसणाऱ्याच्या समक्ष व्हावा, तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मोठ्याने वाचावा आणि त्याची नक्कल त्याच दिवशी हातात मिळावी. भाताची पाहणी दोनदा व्हावी. पाणी उतरताच एकदा आणि भात पसवल्यावर पुन्हा. खारे पाणी शिरलेल्या खाजणाची नोंद तीन वर्षे उघडी राहावी. आकडा मान्य नसेल तर खेड्यात मागितली तशी गावकऱ्यांसह फेरपाहणी मागण्याचा हक्क असावा. आणि कसणाऱ्याचे नाव, मालकी कोणाचीही असो, पंचनाम्यात लिहिले जावे.

यांतल्या पहिल्या गोष्टीला सरकारी हुकुमाचीही गरज नाही. गावाने ठरवले की वाचल्याशिवाय पंच सही करणार नाहीत, तर ते येत्या पावसाळ्यापासून होऊ शकते. ग्रामसभा आपलीच आहे, पंच आपलेच आहेत. रोहिण्या जवळ आल्या आहेत. बांधाची डागडुजी चालू असेल. त्याबरोबर हीही एक बैठक प्रत्येक खाडीकाठच्या गावात व्हावी, अशी माझी आपणांस विनंती आहे.